‘ओल्ड व्हाइन’चा छाप आणि पंधरा डॉलरची झिनफँडेल

कॅलिफोर्नियातल्या कुठल्याही मोठ्या किराणा दुकानात तांदळाच्या पिशव्यांपासून दोन रांगा सोडून वाइन मांडलेली असते. त्यात झिनफँडेलचा, म्हणजे त्याच नावाच्या द्राक्षापासून केलेल्या लाल वाइनचा, कप्पा बघा. दर दुसऱ्या बाटलीवर ठसठशीत अक्षरांत ‘ओल्ड व्हाइन’, म्हणजे जुन्या वेलींची. दहा डॉलरच्या बाटलीवर तेच आणि चाळीसच्या बाटलीवरही तेच. याचं कारण असं की अमेरिकेच्या कायद्यात या दोन शब्दांना व्याख्याच नाही. उद्या कोणी वीस वर्षांच्या बागेला जुनी म्हणून बाटली विकली, तर त्याला अडवणारं कलम नाही.

बाकी बाबतीत हाच कायदा किती काटेकोर! लेबलवर झिनफँडेल लिहायचं तर आत किमान ७५ टक्के तेच द्राक्ष हवं. लोडाय किंवा ड्राय क्रीक व्हॅली असा ठरावीक द्राक्षप्रदेश लिहिला तर ८५ टक्के द्राक्ष तिथलं, आणि त्यावर साल छापलं तर ९५ टक्के त्या सालचं. नुसतं ‘कॅलिफोर्निया’ लिहिलं तर राज्याच्या नियमाने शंभर टक्के द्राक्ष राज्यातलंच. गल्ल्यावर पिकल्या केसांच्या माणसालाही एकवीस पूर्ण असल्याचं ओळखपत्र विचारतील. आणि ज्या शब्दावर लोक चार डॉलर जास्त मोजतात तोच मोकाट.

इथे राहणाऱ्या सोलापूरकराला हे जास्त टोचतं. आपल्या चादरीला भौगोलिक मानांकन आहे. ‘सोलापुरी चादर’ म्हणायचं तर ती कुठे विणली याचा कायद्याने हिशेब लागतो. आता देशभरच्या रस्त्यांवर त्या नावाने काय काय विकलं जातं ते आपण जाणतोच, पण निदान भांडायला कागद तरी आहे. जुन्या वेली राखणाऱ्या इथल्या शेतकऱ्याकडे तोही नाही.

खऱ्या जुन्या बागा आहेत, आणि त्या पाहण्यासारख्या आहेत. मांडव नाही, तारा नाहीत, ठिबकही बऱ्याच ठिकाणी नाही. जाडजूड, वाकडं खोड आणि वर झुडपासारखा पसारा. लोडाय आणि कॉन्ट्रा कोस्टा या भागांतल्या रेताड जमिनीत मुळं खाणारी फिलॉक्सेरा कीड तग धरत नाही, म्हणून स्वतःच्या मुळांवर उभ्या असलेल्या शंभरी ओलांडलेल्या वेली तिथे सापडतात. मुळं खोल, माल थोडा, रस दाट. खात्री करायची तर पाठचं लेबल वाचा. बागेचं नाव आणि लागवडीचं साल दिलं असेल तर बोलण्यात दम आहे. ‘हिस्टॉरिक व्हिनयार्ड सोसायटी’ नावाची संस्था किमान पन्नास वर्षांच्या बागांची यादी ठेवते, तिथे नाव ताडून बघता येतं. नुसतं ‘ओल्ड व्हाइन’ आणि खाली वाकड्या खोडाचं चित्र एवढंच असेल, तर चित्राचे पैसे देऊ नका.

स्वस्तातली झिनफँडेल निवडताना पहिली नजर टाकायची ती अल्कोहोलच्या आकड्यावर. नान्नज-पंढरपूरकडच्या बागायतदारांना याचं कारण चटकन कळेल. आपल्याकडे सोनाका किंवा थॉमसनला जीए (जिबरेलिक ॲसिड हे संजीवक) देऊन, विरळणी करून सगळे मणी एकसारखे फुगवतात. झिनफँडेलचा घड याच्या अगदी उलट वागतो. घट्ट घड, आणि एकाच घडात हिरवे आंबट मणी, पिकलेले मणी आणि सुकून बेदाणा झालेले मणी. हिरवे पिकेपर्यंत थांबावं तर बेदाणे वाढतात. तोडणीच्या दिवशी रसाची साखर मोजली तर २५ ब्रिक्स, म्हणजे साधारण २५ टक्के येते. द्राक्ष चिरडून ठेवलं की ते सुकलेले मणी रसात भिजतात, साखर सोडतात आणि आकडा दोन दिवसांत २७ वर जातो. ती साखर आंबून वाइन साडेपंधरा-सोळा टक्क्यांवर पोचते. यीस्ट दमलं तर साखर तशीच राहते, म्हणून रसात पाणी घालायची इथे परवानगीही आहे.

त्यात लेबलवरचा आकडाही सैल असतो. १४ टक्क्यांच्या वरच्या वाइनला एक टक्का इकडेतिकडे चालतं, म्हणजे १४.५ छापलेली बाटली आत १५.५ असू शकते. ‘एका बाटलीत पाच ग्लास’ हा हिशेब १२ टक्क्यांच्या वाइनचा आहे. १५ टक्क्यांच्या ७५० मिलीमध्ये साधारण सव्वासहा ग्लासांचा ऐवज भरतो. दोघांनी जेवताना बाटली संपवली आणि सकाळी डोकं धरलं, तर दोष द्राक्षाला देऊ नका. १४ ते १४.५ छापलेली घ्या. १५.५ च्या पुढची बाटली पंधरा डॉलरखाली असेल तर बहुतेक वेळा जॅम आणि जळजळ एवढंच हाती लागतं.

साखर लेबलवर लिहायचं बंधन नाही, आणि स्वस्त लाल वाइनमध्ये ती मुद्दाम ठेवलेली असते, कारण गोडव्याखाली बरेच दोष झाकले जातात. बऱ्याच वाइनरी संकेतस्थळावर तांत्रिक पत्रक देतात, त्यात ‘आरएस’, म्हणजे न आंबता उरलेली साखर, यापुढचा आकडा बघा. लिटरला चार ग्रॅमपर्यंत कोरडी, म्हणजे गोड न लागणारी. दहाच्या आसपास गेली की दुसऱ्या ग्लासाला तोंड चिकट होतं.

प्रदेशांचं थोडक्यात. लोडाय म्हणजे सपाट, तापलेलं शेतकी गाव. पिकलेलं, मऊ, स्वस्त. पहिल्या बाटलीला तेच बरं. ॲमडोर डोंगरपायथ्याचं, मसालेदार, दांडगं. ड्राय क्रीक व्हॅली मिऱ्याच्या झणक्याची आणि नेटकी, पण पंधरा डॉलरमध्ये फार क्वचित. क्लाइन वाइनरीच्या कॉन्ट्रा कोस्टातल्या जुन्या बागांची बाटली या किमतीच्या जवळपास मिळते आणि पैसे वसूल करते. सगळं महाग वाटलं तर इटलीच्या पुलिया भागातली प्रिमितिव्हो उचला. द्राक्ष तेच आहे. अमेरिकी द्राक्षसंशोधक कॅरोल मेरेडिथ आणि क्रोएशियाच्या संशोधकांनी २००१ मध्ये डीएनए जुळवून त्याचं मूळ क्रोएशियातल्या स्प्लिट शहराजवळच्या काश्टेलात शोधलं. ‘अमेरिकेचं स्वतःचं द्राक्ष’ म्हणून मिरवणाऱ्यांना ही माहिती सावकाश द्यावी.

गुलाबी व्हाइट झिनफँडेलला इथले जाणकार नाक मुरडतात. १९७५ मध्ये सटर होम वाइनरीत एका टाकीचं आंबणं मधेच थांबलं, साखर उरली, आणि ती गोडसर गुलाबी वाइन धो धो खपली. तिच्या मागणीमुळेच कित्येक जुन्या बागा उपटायच्या वाचल्या, हे जाणकार सोयीने विसरतात. ९-१० टक्के अल्कोहोल, थोडी साखर, आणि गार. तिखट जेवणाला यापेक्षा योग्य काय असणार? अल्कोहोल मिरचीची आग भडकवतं, साखर आणि गारवा ती शमवतात. काळ्या मसाल्याच्या मटणासमोर साडेपंधरा टक्क्यांची लाल ठेवली तर घसा पेटतो आणि वाइनची चव कळतच नाही. लालच हवी तर १४ ची, गार करून. शेंगाचटणी, दही आणि कडक भाकरीबरोबर ती छान बसते, कारण कुटलेल्या शेंगांचं तेल तिचा तुरटपणा मऊ करतं. शेंगापोळीबरोबर मात्र कोरडी लाल आंबट लागते, तो प्रयोग नको.

‘लाल वाइन खोलीच्या तापमानाला’ हा नियम ज्यांच्या खोल्या १८ अंशांच्या त्यांचा. सोलापुरात मे महिन्यात खोली ३५ ला असते, त्या तापमानाला झिनफँडेल म्हणजे नाकात जाणारा स्पिरिटचा वास. फ्रिजमध्ये दोन तास, किंवा बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घालून पंधरा मिनिटं. १५-१६ अंशांना ओता. दुकानातून घेताना बूच वर आलेलं किंवा झाकणाखाली चिकटपणा असेल तर ती बाटली उन्हात शिजलेली आहे, परत ठेवा. फिरकीच्या झाकणाची मिळाली तर कमी प्रतीची समजू नका. उघडलेली बाटली बंद करून फ्रिजमध्ये तीन दिवस चालते.

देशात झिनफँडेल हवी तर नाशिकच्या सुलाची आहे. आणि अकलूजजवळ मोटेवाडीला फ्रातेल्ली या वाइन कंपनीच्या बागा आहेत. तिथे झिनफँडेल नाही, पण सँजोव्हेसे ही इटालियन द्राक्षाची लाल वाइन आहे, तीही आपल्या जिल्ह्याच्या मातीतली. इथे आल्यागेल्या पाहुण्याला हे सांगताना आवाज थोडा चढतो, चढू द्यावा. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन ठेवायच्या निर्णयावरून महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला! इथे ती तांदळाशेजारी आहे म्हणून गल्लोगल्ली झिंगलेले दिसत नाहीत. अर्थात झिंगून गाडी चालवणाऱ्याला इथला पोलीस सोडत नाही, तोही फरक आहेच.

इथे खरेदी करणाऱ्यांसाठी: छापील किमतीवर विक्रीकर लागतो, आणि २०२४ पासून ७५० मिलीच्या काचेच्या बाटलीमागे दहा सेंट अनामत, जी रिकामी बाटली संकलन केंद्रावर दिली की परत मिळते. बऱ्याच दुकानांत सहा बाटल्या एकदम घेतल्या की दहा टक्के सूट असते, वेगवेगळ्या सहा चालतात. सोलापूरला न्यायची असेल तर माणशी दोन लिटरपर्यंत करमुक्त, म्हणजे दोनच बाटल्या. तिसरी टाकली की सव्वादोन लिटर होतात. चेक-इन बॅगेत, मधोमध, प्रत्येक बाटली आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून मग जाड टॉवेलमध्ये गुंडाळा. टॉवेल कुठला घ्यायचा हे सोलापूरकराला सांगायला नको.