घाटवाट जतन : खिंडीपासून पदरापर्यंतच्या कामाची नोंद

जुन्नरच्या पश्चिमेला सह्यधारेवरून कोकणात उतरणाऱ्या एका जुन्या बैलवाटेचं काम कुठवर आलंय, त्याची ही नोंद. वाटेचं नाव आणि टाकी (कातळात खोदलेले पाण्याचे हौद) आणि वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मृतिशिळा) यांचे अक्षांश-रेखांश इथे मुद्दाम दिलेले नाहीत. गुप्तधनाच्या नादाने वीरगळाखाली खणणारे लोक अजूनही आहेत, आणि नकाशावर ठिपका पडला की ते आपल्या आधी तिथे पोचतात. पूर्ण नोंद फक्त वनखात्याकडे आणि पुरातत्त्व विभागाकडे द्यायची.

सद्यस्थिती अशी : खिंडीपासून मधल्या पदरापर्यंतचा (डोंगराच्या मध्यावरच्या सपाटीपर्यंतचा) वरचा टप्पा मोजून, छायाचित्रं काढून झाला. याच टप्प्यात वाटेवर येणारं पाणी बाहेर काढण्याचं काम चालू आहे. टाक्याच्या माथ्यावरची पन्हळ (कातळात कोरलेला पाण्याचा चर) मोकळी झाली. टाक्यातल्या गाळाला हात लावलेला नाही. पदराखालची नाळ (दोन धारांमधली अरुंद घळ) अजून बाकी.

जीवधन, चावंड, हडसर, शिवनेरी हे किल्ले ज्या व्यापारावर नजर ठेवून होते त्याचा राजमार्ग म्हणजे नाणेघाट. तिथल्या लेण्यातला सातवाहन राणी नागनिकेचा लेख, यज्ञांत दिलेल्या गाई-घोडे-हत्ती-कार्षापणांचे (त्या काळच्या नाण्यांचे) त्यातले आकडे, वरचा दगडी रांजण हे सगळं आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेलं आहे. पण नाणेघाटाच्या दोन्ही अंगांना जे लहान घाट आहेत, त्यांच्यावर ना लेख, ना राजाचं नाव. कोकणातलं मीठ वर आणि देशावरचं धान्य खाली नेणाऱ्या बैलांच्या तांड्यांनी, आणि त्यांच्याही आधी ज्यांनी कातळात पहिल्या पावठ्या (पाय ठेवायच्या पायऱ्या) खोदल्या त्यांनी या वाटा घडवल्या. 1830 साली बोरघाटातून गाडीरस्ता झाला, 1863 साली तिथूनच रेल्वे चढली, आणि माल तिकडे वळला. वर्दळ तुटल्यावर वर्षाकाठी होणारी डागडुजीही थांबली. आज दिसणारी पडझड मुख्यतः त्यानंतरची आहे, आणि ती बरीचशी पाण्याने केलेली आहे.

जुनी वाट आणि ढोरवाट

नाळेच्या तोंडाशी तीन-चार वाटा फुटतात तिथे हा घोळ हमखास होतो. गुरं चरायला जातात ती ढोरवाट उतारावर आडवी-तिडवी फुटत जाते, चढ एकसारखा राहत नाही, आणि गवताळ सपाटीवर ती विरते. लादलेल्या बैलासाठी काढलेल्या वाटेचा चढ लांबवर जवळजवळ सारखा राहतो. वळणावर ती रुंद होते, कारण पाठीवर दोन्ही बाजूंना गोणी असलेला बैल जागच्या जागी वळत नाही. पायऱ्या असल्या तर बुटक्या आणि खोल : उंची वीतभरापेक्षा कमी, पाऊल ठेवायची जागा हात-दीड हात. याउलट गुडघाभर उंचीच्या, अरुंद, कातळात खोदलेल्या पावठ्या माणसांसाठीच्या. एकाच घाटात दोन्ही सापडतात. त्या वेगवेगळ्या नोंदवाव्यात, एका रेघेत कोंबू नयेत.

उतरत्या बाजूला रचीव दगडांच्या दोन थरांचा जरी अवशेष दिसला तरी तिथे थांबून पंधरा-वीस मीटर मागेपुढे गवत हाताने बाजूला करून बघावं. थर सलग निघाले तर वाट बांधलेली आहे, एवढं नक्की.

मोजणी

नाळेत आणि दाट झाडीत जीपीएस दहा-वीस मीटर सहज चुकतो, कारण कड्यांवर आदळून आलेला सिग्नल यंत्र खरा धरतं. म्हणून वाट चढताना एकदा आणि उतरताना एकदा अशी दोनदा नोंदवायची, दर पाच सेकंदांना एक बिंदू. दोन रेघा जिथे दहा मीटरपेक्षा जास्त फाकतात तो भाग फीत आणि होकायंत्राने हातानेच मोजायचा. टाकं, वीरगळ, चौकीचं जोतं अशा जागी यंत्र जमिनीवर ठेवून किमान पाच मिनिटांची सरासरी घ्यायची. हवेच्या दाबावर चालणारा उंचीमापक असेल तर सकाळी माहीत असलेल्या उंचीवर जुळवून घ्यावा आणि दुपारी परत तपासावा. दिवसभरात दाब बदलतो आणि उंचीचे आकडे सरकतात.

सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या एक इंची (मैलाला एक इंच) नकाशा-पत्रकांवर तुटक रेषांनी दाखवलेल्या वाटा फार उपयोगी पडतात. मात्र ती पत्रकं एव्हरेस्ट या जुन्या मोजणी-आधारावर काढलेली आहेत आणि आपलं यंत्र डब्ल्यूजीएस 84 या आजच्या आधारावर चालतं. रूपांतर न करता एकावर एक ठेवली तर ठिपका बराच सरकतो, आणि अरुंद नाळेत एवढ्या फरकाने वाट शेजारच्या धारेवर जाऊन बसते.

दर पन्नास मीटरला एक छायाचित्र वर बघून, एक खाली बघून. जिथे काम करायचं तिथे कामाआधी, चालू असताना आणि नंतर, अशी तीन छायाचित्रं एकाच जागेवरून. एक मीटरची काळी-पांढरी पट्टी चौकटीत हवीच. ही नोंद पुरी झाल्याशिवाय एकही दगड हलवायचा नाही. ढासळलेला दगड जिथे पडलाय त्यावरून बांध कुठल्या बाजूने सुटला ते कळतं. तो उचलला की तो पुरावा गेला.

पाणी

खरा कस इथे लागतो. घाटमाथ्यावर वर्षाला 3,000 मिलिमीटर आणि त्याहून जास्त पाऊस पडतो. वाट कातळातून मातीत उतरते तिथे ते पाणी वाटेचाच ओहोळ करतं, बारीक माती धुऊन नेतं, मग फरसबंदीचे दगड बोडके पडतात आणि एकेक करून सुटतात. चालणारे त्या चरातून चालायचं टाळून कडेने जातात, कडेचं गवत मरतं, आणि दोन-तीन पावसाळ्यांत वाटेशेजारी दुसरा चर तयार होतो. म्हणून सुटलेले दगड बसवण्याआधी पाणी तोडायचं, म्हणजे वाटेवरून बाजूला काढायचं. उलट क्रमाने केलेलं काम पहिल्याच मोठ्या पावसात जातं.

पाणी तोडायला वाटेवर तिरपा दगडी आड (अडथळा) घालतो. माप असं : वाटेच्या दिशेशी साधारण 45 ते 60 अंशांचा कोन, वाटेच्या रुंदीपेक्षा दोन्ही बाजूंना तीस सेंटिमीटर जास्त लांबी, आणि दगडाचा दोन-तृतीयांश भाग जमिनीत. वर दहा-पंधरा सेंटिमीटरच दिसला पाहिजे. सरळ काटकोनात घातला तर पाणी त्यामागे तुंबतं, गाळ साठतो आणि आड भरून निकामी होतो. फार तिरपा घातला तर पाण्याचा वेग वाढून टोकाशी खड्डा पडतो. चढ 10 टक्के असेल तर 25 ते 30 मीटरला एक, 20 टक्क्यांना 10 ते 15 मीटरला एक. बाहेर पडणारं पाणी मोकळ्या मातीवर सोडायचं नाही. टोकाशी हातभर जागेत मुठीएवढे दगड अंथरायचे.

आडासाठी दगड कुठला घ्यायचा हे आधी ठरवावं. वाटेवरचा घडीव किंवा घासून गुळगुळीत झालेला दगड कधीच नाही. दरडीतला, घसाऱ्यातला, धारदार कडांचा नवा दगड घ्यावा, म्हणजे उद्या कोणी अभ्यास करायला आलं तर जुनं-नवं लगेच वेगळं कळेल. याच कारणासाठी वाट दाखवायला दगडांच्या उतरंडी रचायच्या नाहीत. त्या रचणारे हाताशी असलेला फरसबंदीचाच दगड उचलतात, आणि मागून येणारा प्रत्येकजण त्यावर एक चढवतो. ऑइल पेंटचे बाणही नकोत. काम चालू असेपर्यंत कापडी फीत बांधावी आणि जाताना सोडून आणावी.

ढासळलेला बांध

उतरत्या बाजूचे बांध कोरडे रचलेले आहेत, चुना-माती काही नाही. तसेच परत रचायचे. सिमेंट भरलं की मागचं पाणी अडतं, पावसाळ्यात बांध पोटातून फुगतो आणि अख्खा तुकडा एकदम सुटतो. कोरड्या बांधातून पाणी झिरपून जातं, म्हणून तो टिकलाय.

पायाला तीस सेंटिमीटर खोल चर, तळ डोंगराकडे किंचित कललेला. सगळ्यात मोठे दगड खाली. प्रत्येक दगडाची लांबी आत डोंगराकडे जायला हवी. दर्शनी बाजूला लांबट दगड आडवे लावले तर भिंत छान दिसते, पण ती पातळ पापुद्र्यासारखी सुटून येते. सांधमोड पाळायची : खालच्या दोन दगडांच्या सांध्यावर वरचा एक. दर मीटरभर अंतरावर एक आरपार दगड. दर सहा इंच उंचीला एक इंच असा आतला झोक ठेवायचा, ओळंबा आणि दोरी लावून; नुसत्या नजरेने हा झोक साधत नाही. मागची भरणी लहान दगडांची, हाताने बसवलेली. तिथे माती ओतली तर ती पहिल्या पावसात फुगते आणि भिंतीला पुढे ढकलते. चिपा (फटींत ठोकायचे लहान दगड) शेवटी आणि मागच्या बाजूने मारायच्या. पुढून मारलेली चीप वर्षभरात गळून पडते.

झाडोरा

कारवी वाट झाकते पण माती धरून ठेवते. वाटेच्या रुंदीतली तेवढी कोयत्याने कापावी, उपटू नये. घाणेरी आणि रानमोडी या बाहेरून आलेल्या झुडपांचं वेगळं : त्या फुलण्याआधी काढाव्यात. घाणेरी वरून छाटली की दुप्पट फुटते. मुळाच्या गाठीखाली, जमिनीत चार-पाच सेंटिमीटरवर कुदळीने तोडून खोड उलटं टाकावं. बांधाच्या सांध्यात रुजलेला पिंपळ किंवा उंबर ओढून काढायचा नाही, त्याच्याबरोबर दगड येतात. बुंध्याशी कापून फुटवे वरचेवर खुडत राहावे. झाड मोठं असेल तर वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय फांदीलाही हात नको. आणि वाट मोकळी करायला गवत पेटवणं हा तर गुन्हाच. शिवाय आगीने तापलेल्या कातळाचे पापुद्रे सुटतात आणि त्यांच्याबरोबर कोरीव कामही.

टाकं

पदरावरचं टाकं कातळात खोदलेलं, साधारण 3 मीटर लांब, अडीच मीटर रुंद. पूर्ण खोली 2 मीटर धरली तर 15,000 लिटर पाणी मावतं. म्हणजे एका मुक्कामाला मोठ्या तांड्याची सोय.

टाकं दिसलं की गाळ उपसायची घाई होते. ती करू नये. आधी वरच्या कातळावर बघावं. टाक्याच्या माथ्यावर बोटभर खोलीची, हाताच्या पंजाएवढी रुंद पन्हळ खोदलेली असते. उतारावरचं पाणी गोळा करून ते टाक्यात सोडणारी किंवा माती घेऊन येणारा लोंढा टाक्याला वळसा घालून पुढे नेणारी. यातली कुठली ते तिच्या उतारावरून ठरवायचं. बाटलीभर पाणी ओतलं की लगेच कळतं. इथली पन्हळ दुसऱ्या प्रकारची निघाली. ती मातीने आणि गवताच्या मुळांनी बुजली होती, म्हणून सगळा लोंढा टाक्यात येत होता. बांबूची कामटी आणि नायलॉनचा ब्रश वापरून ती मोकळी केली. तारेचा ब्रश, छिन्नी, अॅसिड यातलं काही नाही, कारण मूळ छिन्नीचे घाव पन्हळीच्या तळाशी अजून स्पष्ट आहेत. तिरप्या उजेडात ते एकाच दिशेने उतरत गेलेले दिसतात, म्हणजे खोदणारा वरच्या अंगाला उभा होता.

गाळ हा पुरावा आहे. त्यात खापरं, नाणी, जळलेलं धान्य थरांत असू शकतं, आणि फावड्याने उपसला की थर गेले. रीतसर परवानगी मिळाली तरच, जाणकाराच्या देखरेखीखाली, दहा-दहा सेंटिमीटरचा थर काढून पाच मिलिमीटरच्या चाळणीतून चाळायचा. नाणं किंवा दागिना निघाला तर 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. स्मारक केंद्र सरकारच्या संरक्षित यादीत असेल तर त्याच्या हद्दीपासून 100 मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे 200 मीटर नियंत्रित क्षेत्र, हे बांधकामाच्या कुठल्याही बेतात धरून चालावं.

तोवर करण्यासारखं म्हणजे तरंगणारा पाला जाळीने काढणं, प्लास्टिक उचलणं. एप्रिल-मेमध्ये टाकं पूर्ण रिकामं कधीच करू नये. धनगरांची जनावरं आणि रानातले प्राणी त्याच पाण्यावर असतात. चुना, ब्लीचिंग पावडर टाकायची नाही. खांबटाक्यात (कातळाच्या पोटात खोदलेल्या, खांबांवरच्या टाक्यात) आत शिरायचं असेल तर एकट्याने नाही आणि कमरेला दोर बांधल्याशिवाय नाही. गाळ ढवळला की कोंडलेला विषारी वायू सुटतो.

वीरगळ

पदराच्या कडेला दोन आहेत, एक उभा, एक आडवा पडलेला. चौकटी खालून वर वाचायच्या : लढाई, वीराला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर कलश, चंद्र-सूर्य. झिजलेल्या चौकटी दुपारच्या उन्हात कळत नाहीत. संध्याकाळी अंधार पडल्यावर बाजूने, दगडाला जवळजवळ चिकटून टॉर्च धरली की ढाल-तलवारीच्या रेषा उठून येतात. त्रिमिती प्रतिमेसाठी मात्र सावलीतला सपाट उजेड हवा, आणि लागोपाठच्या दोन छायाचित्रांत किमान 70 टक्के भाग सामाईक. कमी पडला तर कडा जुळत नाहीत आणि प्रतिमेला भोकं पडतात.

उजळपणासाठी खडू, पीठ, तेल, गेरू काही लावायचं नाही. उभ्या वीरगळाला वरच्या वाडीतले लोक शेंदूर लावतात. तो खरवडायचा नाही. देव म्हणून पुजला गेला म्हणूनच तो दगड जागेवर राहिलाय. पडलेला उभा करायचा तर परवानगी लागेल, आणि तोपर्यंत त्याच्याखालून पाणी जाणार नाही एवढीच व्यवस्था करायची.

तोंडी माहिती

महादेव कोळी, ठाकर, धनगर वस्त्यांवरच्या म्हाताऱ्या माणसांना "जुनी वाट कुठली?" असं विचारलं तर आजची रुळलेली वाट सांगतात. "पूर्वी मीठ कुठून यायचं?", "सोयरिकीला खाली कुठल्या वाटेने जायचे?" असं विचारलं की नाळेतली नावं एकामागून एक निघतात : वाघजाईचा टप्पा, बैलाची उडी, विसाव्याचा दगड अशा धर्तीची. नाव जसं उच्चारलं तसंच लिहावं, शुद्ध करू नये. एकाच जागेला दोन वाड्यांत दोन नावं असतील तर दोन्ही लिहावीत, कुठल्या वाडीत कुठलं तेही.

पदराखालच्या नाळेचं काम पावसाळ्यानंतर, गवत वाळल्यावर आणि वणव्याआधी. त्याआधी करायचं ते : घातलेल्या आडांमागचा गाळ मेअखेरीस काढणं, पन्हळ पुन्हा झाडणं, आणि पावसाच्या पहिल्या जोरदार सरीत, निसरड्या भागात न उतरता, खिंडीतूनच पाणी कुठे वळतं आणि कुठे वळत नाही ते बघून नकाशावर खूण करणं. ज्यांच्याकडे छत्री धरून तासभर उभं राहायची तयारी आहे आणि उताराचा कोन मोजायचं साधन आहे, अशा दोघांची या कामाला गरज आहे.