ग्रिम्पोट्यूथिस इम्परेटर, मूळ आकारात: कवच, पर आणि तीन भुजा तयार

मंडळी, खोल समुद्रातल्या पर असलेल्या ऑक्टोपसचं मॉडेल आता ओळखू येण्याइतपत उभं राहिलंय. लांबी 30 सेंटिमीटर, म्हणजे जवळपास खऱ्या प्राण्याएवढी. डावी बाजू त्वचेसकट, उजवी उघडी, आतले अवयव दिसतील अशी.

हीच जात निवडली, कारण तिच्या आतल्या रचनेची माहिती फार चांगली मिळते. 2016 मध्ये 'झोने' या जर्मन संशोधन जहाजावरून वायव्य पॅसिफिकमधल्या एम्परर सागरी पर्वतांजवळ, सुमारे 4,000 मीटर खोलीवरून हा प्राणी वर आला. अलेक्झांडर झिग्लर आणि क्रिस्टिना सागॉर्नी यांनी त्याची चिरफाड केलीच नाही. एमआरआय आणि मायक्रो-सीटी (अतिसूक्ष्म तपशील टिपणारं क्ष-किरण) स्कॅन करून 2021 मध्ये त्यांनी नव्या जातीचं वर्णन प्रसिद्ध केलं, सोबत त्रिमितीय मॉडेलही दिलं. या प्राण्यांचं अंग इतकं मऊ असतं की बरणीत ठेवलेला नमुना आक्रसतो, वेडावाकडा होतो. त्यामुळे अवयव जागच्या जागी दाखवणारं स्कॅन म्हणजे आपल्यासारख्यांसाठी सोन्याहून पिवळं.

सुरुवात कवचापासून केली आणि तेच बरोबर ठरलं. आपल्या ओळखीच्या उथळ पाण्यातल्या ऑक्टोपसांत कवच जवळजवळ नाहीसंच झालेलं असतं. इथे मात्र कूर्चेसारखं दिसणारं, इंग्रजी यू अक्षराच्या आकाराचं एकच कवच शरीरात आडवं बसलेलं आहे. त्याच्या दोन्ही बाजूंच्या सपाट भिंतींवर परांचा आधार आणि स्नायू टेकतात. म्हणून भिंतीचा कोन दोन-तीन अंशांनी जरी बदलला तरी अख्खा पर पुढे-मागे सरकतो आणि प्राण्याचा चेहराच पालटतो. कवच पारदर्शक रेझिनमध्ये ओतलं, बारीक पॉलिश पेपरने पाण्यात घासलं, आणि परांच्या तारा थेट त्याच्या भिंतींत रोवल्या. आता पर बाहेरून चिकटवल्यासारखे दिसत नाहीत, आतून आल्यासारखे दिसतात. पोहण्याचा मुख्य भार याच परांवर असतो, म्हणून मुळाशी जाडी ठेवली आणि कडेकडे ती कमी करत नेली.

भुजा आठ, पैकी तीन झाल्या. प्रत्येक भुजेवर चूषकांची, म्हणजे पकड घेणाऱ्या वाटीसारख्या गोल अवयवांची, एकच रांग. रांगेच्या दोन्ही बाजूंना मऊ, बारीक तंतू, आणि प्रत्येक जोडी दोन चूषकांच्या मधल्या जागेत. चूषक, तंतू, चूषक, तंतू ही लय टोकापर्यंत सांभाळावी लागते. चूषक एपॉक्सी पुट्टीचे केले, ओलसर असतानाच गोल टोकाच्या सुईने मध्ये खळगा दाबला. तंतूंसाठी मासे धरायचा नायलॉनचा दोरा वापरला आणि त्यावर सिलिकॉनचा हलका थर दिला. अन्न तोंडाकडे सरकवायला हे तंतू उपयोगी पडत असावेत, असं मानतात.

उघड्या बाजूला कल्ले बसवले. या वंशातल्या कल्ल्यांना संशोधक 'अर्ध्या संत्र्यासारखे' म्हणतात, आणि मातीत पाकळ्या वळवताना ते तंतोतंत पटतं. शाईची पिशवी करायची नाही, कारण ती नसतेच. मिट्ट काळोखात शाई सोडून लपणार कोणापासून! चोच झाली आहे. हे प्राणी छोटे कवचधारी जीव आणि कृमी अख्खेच गिळतात.

आता भुजांमधला पडदा. सिरोट्यूथिस या पर असलेल्या ऑक्टोपसच्या दुसऱ्या वंशात भुजा आणि मुख्य पडदा यांच्यामध्ये आणखी एक पडदा असतो. आपल्या प्राण्यात तो नाही, पडदा सरळ भुजांना जोडलेला आहे. काम त्यामानाने सोपं, तरी पातळ सिलिकॉन फाटू न देता ताणायचं कसं, हा प्रश्न उरतोच. जाळीचं कापड आत घातलं तर धागे दिसतात, नुसता सिलिकॉन लोंबतो. कोणी अतिपातळ रेशमी जाळीवर सिलिकॉन ओतून पाहिला असेल, तर जाडी किती ठेवलीत आणि रंग ओतण्याआधी मिसळलात की नंतर, ते कळवा. तोवर उरलेल्या पाच भुजा करायला घेतो.