शरूच्या वेगाने इमॅजिका

आमची शरू पाच वर्षांची आहे आणि मोठा आवाज तिला सोसत नाही. मिक्सर लावायचा तर आधी सांगावं लागतं. कुकरची शिट्टी व्हायच्या बेतात आली की ती गॅलरीत जाऊन उभी राहते. पुण्यात राहायचं म्हणजे गणपतीच्या कितीतरी आधीपासून ढोलपथकांचे सराव कानावर येतात. त्या संध्याकाळी आमच्या खिडक्या बंद असतात. कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलंय, ऐकू अगदी व्यवस्थित येतं. ऑटिझम असलेल्या बऱ्याच मुलांना आवाजाचा असा त्रास होतो, तसा तो नसलेल्या मुलांनाही होतो.

हीच शरू गणपती झाल्यावर म्हणाली, "मला उडत्या हत्तीत बसायचंय." वर्गातल्या मैत्रिणीचा फोटो तिने पाहिला होता. खोपोलीजवळच्या इमॅजिका या मनोरंजन पार्कमधला टबी हत्ती. तिथे उंचावरून कोसळणारे पाळणे आहेत, लाउडस्पीकर आहेत, किंकाळ्या तर जागोजागी. माझ्या पोटात गोळाच आला. पण इच्छा तिची होती, आणि ती तिच्याच पद्धतीने पुरी करता येते का, ते बघायचं आम्ही ठरवलं.

शरूची ऑक्युपेशनल थेरपिस्ट एक गोष्ट नेहमी सांगते. अशा मुलांना आवाज किती मोठा आहे यापेक्षा तो कधी येणार हे माहीत नसणं जास्त छळतं. फटाका अचानक फुटतो म्हणून तो नको असतो. तोच फटाका "आता वाजणार, तीन, दोन, एक" असं म्हणून वाजवला तर निम्मी भीती जाते. त्यामुळे आमची सगळी तयारी या एकाच धाग्यावर होती: कुठे, काय आणि कशामुळे वाजणार, हे शरूला आधी कळलं पाहिजे.

तिच्या बाबाने एका मोठ्या कागदावर पार्कचा नकाशा काढला. शांत जागा हिरव्या, मधल्या पिवळ्या, गोंगाटाच्या लाल. राइडचे व्हिडिओ आम्ही आधी आवाज बंद करून पाहिले, मग अगदी बारीक आवाजात, मग तिनेच बटण दाबून वाढवला. आवाज वाढवायचा-कमी करायचा अधिकार तिचा, हे पक्कं. फोन कधी माझ्या हातात, कधी आजीच्या, पण बटणावर बोट शरूचं.

दुसरी तयारी इअरमफची, म्हणजे हेडफोनसारखे कानांवर चढवायचे, आवाज अडवणारे कानझाकणे. लहान मुलांसाठीचे इअरमफ साधारण 20 ते 25 डेसिबल आवाज अडवतात. 10 डेसिबल कमी झाले की कानाला आवाज जवळजवळ निम्मा वाटतो, म्हणजे फरक चांगलाच पडतो. मात्र ढोलासारखे खालच्या पट्टीतले आवाज अंगातूनही जाणवतात, छातीत धडधडतं, आणि त्यावर इअरमफचा फारसा उपयोग नाही. हेही शरूला सांगून ठेवलं. कानात घालायचे छोटे बोळे इतक्या लहान मुलांना देऊ नयेत. ते तोंडात जायची भीती असते. आणखी एक सूचना मला महत्त्वाची वाटते: इअरमफ दिवसभर चढवून ठेवायचे नाहीत. कान सतत झाकलेले राहिले तर साधे आवाजही मोठे वाटायला लागतात. लागेल तेव्हा घालायचे, शांत जागी काढायचे. घरी गाणी ऐकताना, जेवताना थोडा थोडा वेळ घालून सवय केली. नव्या वस्तूचं ओझं नेमकं सहलीच्या दिवशी नको.

दिवस निवडताना शनिवार-रविवार टाळला. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली सुरू होतात, तो काळही टाळला. सप्टेंबरच्या शेवटी, आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी लवकर निघालो. घाट अजून हिरवागार होता, लहान लहान धबधबे शिल्लक होते. बोगद्यात शिरण्याआधी बाबा "बोगदा!" म्हणायचा, काचा वर, शरूचे हात कानांवर. खंडाळ्याचा घाट उतरताना तिच्या कानांना दडे बसले. आवाज सोसत नाही अशा मुलाला दडे बसले की ते आणखी गोंधळतं. कानात काहीतरी बिघडलं असं वाटतं. आजीने चिक्कीचा तुकडा आणि घोट घोट पाणी दिलं. गिळलं की दडे सुटतात, कारण गिळताना कान आणि घसा यांना जोडणारी बारीक नळी उघडते. हे कारण शरूला फार आवडलं. पुढचा अर्धा घाट ती नळी उघडत होती.

वाटेत एका ठिकाणी स्वच्छतागृहाला थांबलो आणि तिथे हात वाळवायचं यंत्र अचानक सुरू झालं. मोठी माणसं म्हणतात, "एवढंसं तर आहे!" पण कॅनडातल्या नोरा कीगन या मुलीने शाळकरी वयात कॅलगरीतल्या सार्वजनिक जागांमधली अशी यंत्रं मोजली आणि 2019 मध्ये तिचा शोधनिबंध बालरोगविषयक नियतकालिकात छापून आला. काही यंत्रांचा आवाज 100 डेसिबलच्या वर गेला होता, आणि मुलांचे कान ज्या उंचीवर असतात तिथेही तिने तो मोजला. "कान दुखतात" म्हणणारी मुलं खरंच सांगत होती. तेव्हापासून हे मी प्रत्येकाला सांगते. आमच्या पिशवीत हात पुसायला पंचा असतो, आणि आपोआप फ्लश होणाऱ्या भांड्याच्या सेन्सरवर चिकटवायला कागदाच्या चिठ्ठ्या असतात. मूल उठून दाराबाहेर गेलं की चिठ्ठी काढायची. इतका साधा उपाय, पण कित्येक प्रवास त्याने वाचतात.

खोपोलीपर्यंत आलोय तर महडच्या वरदविनायकाचं दर्शन घ्यायचं, ही आजीची अट होती. देवळात घंटा. शरू दारातच थबकली. आजी म्हणाली, "तूच वाजव, तुला हवी तेवढीच." तिने घंटेचा लोळा धरला आणि इतका हळू टेकवला की आवाज जेमतेम उमटला. मग पुन्हा, थोडा मोठा. आपण स्वतः केलेला आवाज टोचत नाही, कारण तो कधी होणार ते आपल्याला ठाऊक असतं. मला वाटतं, पार्कची खरी तालीम तिथेच झाली.

इमॅजिका 2013 मध्ये सुरू झालं. खालापूर तालुक्यात, खोपोली-पाली रस्त्यावर, मागे सह्याद्रीचे डोंगर. उघडण्याच्या वेळेलाच आत शिरलो, कारण पहिल्या तासात गर्दी सर्वांत कमी असते. आत शिरल्यावर बहुतेक मंडळी मोठ्या राइडकडे पळतात. आम्ही टबीकडे गेलो, पण लगेच बसलो नाही. आमचा नियम असा, की आधी एक पूर्ण फेरी नुसती उभं राहून बघायची. स्पीकर कुठे आहे, सुरू होताना काय वाजतं, थांबताना काय वाजतं. फेरी संपली की शरू निकाल देणार: आत्ता, नंतर, किंवा नको. यातलं "नंतर" हे उत्तर फार कामाचं. "हो" आणि "नाही" एवढेच पर्याय दिले तर घाबरलेलं मूल "नाही" म्हणतं आणि दार बंद होतं.

टबीला तिने "आत्ता" म्हटलं. इअरमफ घालून बसली, पहिली फेरी माझा दंड घट्ट धरून. हत्ती वर गेला तेव्हा ती हसत होती, पण आवाज न करता. दुसऱ्यांदा बसली तेव्हा इअरमफ गळ्यात. घोड्यांच्या फिरत्या चक्रालाही तेच केलं. तिथल्या दादांना मी सांगितलं की सुरू करताना हिच्याकडे बघून हात वर कराल का, आणि त्यांनी अगदी आठवणीने केला. अशा ठिकाणी काम करणाऱ्या माणसांना सांगितलं की ती मदत करतात, हा माझा अनुभव आहे. सांगायला लाजू नये.

रांगेत एक बाई म्हणाल्या, "काढा हो ते कानावरचं, त्याशिवाय सवय कशी होणार?" आजी शांतपणे म्हणाली, "होतेय ना सवय. तिच्या वेगाने होतेय." मला यावर जास्त बोलायचंय. भीती मोडण्यासाठी मुलाला त्याच गोंगाटात ढकलायचं, ही पद्धत आपल्याकडे अजून सर्रास चालते. फटाके तोंडापुढे लावणं, पथकाच्या अगदी जवळ नेऊन उभं करणं. त्यातून मूल शिकतं एवढंच, की आपले लोकही आपलं ऐकत नाहीत. आवाजाशी ओळख जरूर करून द्यावी. ती जबरदस्तीने होत नाही.

सगळ्यात जास्त वेळ आम्ही घालवला तो नायट्रोपाशी. ही इथली सर्वांत मोठी रोलर कोस्टर, सुमारे 40 मीटर उंच, पाच वेळा उलटं करणारी, आणि पायाखाली फरशी नसलेली. शरूच्या उंचीला ती बंदच आहे, आणि नकाशावर ती गडद लाल होती. पण दुरून येणाऱ्या त्या गडगडाटाने ती सारखी दचकायची. म्हणून तो आवाज समजून घ्यायलाच गेलो. बरंच लांब, झाडाच्या सावलीत बसलो. उघड्या मैदानात अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो, त्यामुळे दहा पावलांवर असह्य वाटणारं चाळीस पावलांवर ऐकवतं.

बाबा मेकॅनिकल इंजिनिअर, त्याच्या आवडीचा विषय. त्याने सांगितलं, चढताना जी खट् खट् येते ती दातेरी पट्टीवर अडकत जाणाऱ्या खिट्टीची. डबा वर ओढणारी साखळी तुटलीच तर तो मागे घसरू नये म्हणून ही खिट्टी असते. म्हणजे खट् खट् हा सुरक्षेचा आवाज. गडगडाट कशाने? रुळाखालचा पोलादी कणा आतून पोकळ असतो, चाकं धावली की तो घुमतो. काही देशांत शेजाऱ्यांना त्रास होऊ नये म्हणून त्या पोकळीत वाळू भरतात आणि आवाज खूप कमी होतो. आणि शेवटी येणारं फुस्स? हवेच्या दाबावर चालणारे ब्रेक.

शरूने विचारलं, "आणि ती माणसं का ओरडतात? त्यांना लागतंय?" हा प्रश्न तिच्या मनात बहुधा किती दिवस असेल. आम्हाला तो सुचलाच नव्हता. किंकाळी म्हणजे कुणाला तरी इजा झाली, असं समजून ती दरवेळी घाबरत होती. मग बाबा स्वतः नायट्रोत बसायला गेला. डबा चढत असताना त्याने हात हलवला, शरूने बोटांनी खट् खट् मोजायला सुरुवात केली, बाबा ओरडला आणि खाली आल्यावर हसत आला. तिने त्याचे हात, पाय, कान तपासले. त्यानंतर किंकाळ्यांना ती दचकली नाही. "मजेचं ओरडतायत," म्हणून आजीला समजावू लागली.

जेवण बाराच्या आत उरकलं. उपाहारगृहात गर्दी झाली की ताटांचा आणि भांड्यांचा खणखणाट वाढतो, आणि बंद खोलीत तो घुमतो. जेवल्यावर तासभर काहीच केलं नाही. सावलीत चादर, इअरमफ बाजूला, आजीची गोष्ट. मी म्हणेन की याच तासाने पुढची दुपार तारली. अशी मुलं सकाळभर आवाज सोसत असतात, ते साठत जातं, आणि दुपारी एखाद्या क्षुल्लक गोष्टीवरून कोसळतात. रडू फुटण्याआधी विश्रांती द्यायची, नंतर दिली तर उशीर झालेला असतो. शरूची खूण मला माहीत आहे: ती गप्प होते आणि फ्रॉकचं टोक चावायला लागते.

राजासॉरसच्या सफारीला ती गेली नाही. अंधार आणि डरकाळ्या दोन्ही एकत्र, त्यामुळे तिथे स्पष्ट "नको" आलं. बाबा जाऊन आला आणि आत काय काय वाजतं ते त्याने सांगितलं. राजासॉरस नावाचा डायनासोर खरोखर आपल्याकडचा, गुजरातेत सापडलेल्या हाडांवरून 2003 मध्ये त्याला हे नाव मिळालं. हे ऐकून तिने बाहेर उभं राहून त्याच्यासारखी डरकाळी फोडली. चांगली मोठी फोडली. आजी आणि मी आळीपाळीने भारतदर्शनाच्या मोठ्या पडद्याच्या राइडला जाऊन आलो. मोठ्यांनीही आपली हौस भागवावी, नाहीतर मुलाला वाटतं, माझ्यामुळे सगळे अडकले.

पार्कमधल्या संध्याकाळच्या मिरवणुकीचं काय करायचं, हे शरूवर सोडलं. रस्त्याच्या कडेला पहिल्या रांगेत उभं न राहता ती आम्हाला मागे, एका कट्ट्यावर घेऊन गेली. स्पीकर कुठे आहेत ते तिने आधी शोधलं आणि त्यांच्याकडे पाठ येईल अशी जागा निवडली. निम्मी मिरवणूक पाहिली आणि म्हणाली, "झालं माझं." आम्ही लगेच निघालो. दिवे अजून यायचे होते, नाच बाकी होता; पण "झालं" म्हटल्यावर थांबायचं हे ठरलेलं होतं, आणि ते पाळलं तरच पुढच्या वेळी ती आमच्यावर विसंबेल.

घाट चढताना ती झोपेल असं वाटलं होतं. पण मागच्या सीटवरून प्रश्न आला, "बाबा, चढताना खट् खट् वाजतं, मग उतरताना का नाही वाजत?" उतरताना ती पट्टीच नसते, डबा मोकळा सुटतो, हे बाबा सांगत होता, आणि पुढचा प्रश्न तयार होता: मग थांबतो कसा?