तुम्ही विचारलंत म्हणून: आयर्लंडमधला खरा फुटबॉल कोणता?

डब्लिनला राहतो म्हटल्यावर क्रिकेट सोडून दुसरा काही विषय निघाला, तर हमखास हाच निघतो. तिथे म्हणे दोन फुटबॉल आहेत, एक गेलिक आणि दुसरा सॉकर (म्हणजे आपला नेहमीचा फुटबॉल), त्यातला खरा कोणता? आणि एकच माणूस दोन्ही खेळू शकतो का? मी मग दोन्ही खेळलेल्या कॉन मार्टिनची गोष्ट सांगायला घेतो.

त्याआधी थोडं गेलिक फुटबॉलबद्दल. पंधरा-पंधरा खेळाडू. चेंडू हातात धरता येतो, पण चार पावलंच. मग त्याला टप्पा द्यायचा, नाहीतर पायाच्या बोटांनी उडवून पुन्हा हातात घ्यायचा, तोही पळता पळता. सगळ्यात जोरात टाळ्या पडतात त्या मात्र गर्दीतून उंच उडी मारून डोक्यावरचा चेंडू दोन्ही हातांत घेणाऱ्याला. पैसा नाही. काउंटीकडून, म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या संघाकडून, खेळणारे कितीतरी जण शाळेत मास्तर असतात, रविवारी मैदानात आणि सोमवारी फळ्यापुढे.

मार्टिनचा जन्म 1923चा, डब्लिनच्या उत्तरेला समुद्रकाठच्या रश गावातला. 1941 साली तो डब्लिनकडून गेलिक खेळला आणि संघाने लेंस्टर प्रांताचं विजेतेपद मिळवलं. पण तो सॉकरही खेळतो हे उघड झालं आणि त्याचं पदक अडवून ठेवलं गेलं. कारण गेलिक खेळ चालवणाऱ्या संघटनेचा नियमच तसा होता: सभासदाने ‘परके’ खेळ खेळायचे नाहीत, बघायचेही नाहीत. परके म्हणजे सॉकर, रग्बी, हॉकी आणि (इथे पुणेकर हमखास दचकतात) क्रिकेट. 1938 मध्ये तर खुद्द राष्ट्राध्यक्ष डग्लस हाइड डब्लिनच्या डॅलिमाउंट पार्कवर पोलंडविरुद्धचा सॉकर सामना बघायला गेले, म्हणून त्यांना संघटनेच्या आश्रयदातेपदावरून काढून टाकलं. राष्ट्राध्यक्षांची ही गत, तिथे अठरा वर्षांच्या पोराला कोण विचारतो?

पोरगा सॉकरकडे गेला. क्लब एकामागून एक: ड्रमकोंड्रा, ग्लेंटोरान, लीड्स, मग अ‍ॅस्टन व्हिला. आणि मला आवडतो तो भाग इथे सुरू होतो. 1946 मध्ये पोर्तुगालविरुद्ध आयर्लंडचा गोलकीपर जखमी झाला, तेव्हा मार्टिनला गोलमध्ये उभं केलं. पुढचा सामना माद्रिदला स्पेनशी होता. त्यात तो सुरुवातीपासूनच गोलकीपर, आणि आयर्लंडने सामना 1-0 जिंकला. एरवी तो बचावपटू. व्हिलानेही 1951-52च्या मोसमात त्याला बरेच सामने गोलमध्ये खेळवलं. हे हात कुठे तयार झाले असतील? माझ्या मते गेलिकच्या मैदानावर. ज्यांनी त्याला बाहेर काढलं, त्यांचीच ही शिकवण.

21 सप्टेंबर 1949, लिव्हरपूलचं गुडिसन पार्क. समोर इंग्लंड. पेनल्टी मिळाली, ती मार्टिनने घेतली. गोलकीपर विल्यम्सचा हात चेंडूला लागला, तरी चेंडू आत गेलाच. दुसरा गोल पीटर फॅरेलचा, आणि फॅरेल त्याच मैदानावर खेळणाऱ्या एव्हर्टन क्लबचा, म्हणजे त्याचं तर हे घरचंच मैदान. आयर्लंड 2-0. ब्रिटनबाहेरच्या संघाकडून घरी पहिल्यांदा हरलो ते 1953 साली हंगेरीकडून, असं इंग्रज अजूनही सांगतात. डब्लिनमध्ये कुणापुढे हे बोलू नका, सामना तारखेसकट ऐकावा लागेल.

पुढे मार्टिन वॉटरफर्ड क्लबला खेळाडू आणि मॅनेजर अशा दोन्ही भूमिकांत होता, शेलबोर्नचाही मॅनेजर झाला. मुलगा मिकही आयर्लंडकडून खेळला. ‘परक्या’ खेळांवरची ती बंदी 1971 साली बेलफास्टच्या अधिवेशनात उठली. लेंस्टरचं पदक मार्टिनच्या हातात पडलं ते त्यानंतर, म्हणजे जवळजवळ तीस वर्षांनी. उशिरा दिलं हे ठीक, पण इतका उशीर करून त्याचा मोठेपणा कुणी मिरवू नये, असं मला वाटतं.

गेलिकचं मुख्य मैदान क्रोक पार्क. तिथे आयर्लंडचा पहिला सॉकर सामना 24 मार्च 2007ला झाला, वेल्सविरुद्ध, तोही सॉकरचं नेहमीचं लॅन्सडाउन रोडचं मैदान नव्याने बांधायला काढलं होतं म्हणून. मार्टिनने त्याच आठवड्यात 84 पूर्ण केली होती. 2013 मध्ये तो गेला.

तर, खरा कोणता? मी शुक्रवारी संध्याकाळी डॅलिमाउंटला सॉकर बघतो आणि उन्हाळ्यातल्या रविवारी क्रोक पार्कला गेलिक. 1971च्या आधी संघटनेचा सभासद असतो, तर शुक्रवारच्या तिकिटावरूनच माझं नाव कटलं असतं.