तुम्ही विचारलंत म्हणून: महिरप का लावत नाही?

पुण्यात पेठेतल्या इमारतीच्या डिझाइनचं काम आलं की पहिल्याच बैठकीत कुणीतरी विचारतंच, "वाडा पाडून बांधताय, तर निदान दर्शनी भागाला वाड्याचा लुक द्या की! दोन महिरपी, सुरूच्या झाडाच्या घाटाचे चार खांब. का करत नाही तुम्ही?"

केलंय एकदा. चार मजली आरसीसी इमारतीला फायबरच्या महिरपी, खांब चिकटवले, वर सागवानी रंग. वास्तुशांतीला मूळ वाड्यातल्या भाडेकरू आजी आल्या. खांबावर टकटक करून म्हणाल्या, "पोकळ आहे की रे." आणि जेवायला गेल्या.

वाड्यातला खांब शोभेचा नसतो. त्यावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर पाट. तुळईला झेपेल तेवढंच दोन खांबांत अंतर ठेवायचं, पाच-सहा फुटांच्या आसपास. तो खण. बोळातून चालताना जी लय जाणवते ती नक्षीची नसते, या खणांची असते. विश्रामबागवाड्याचं कोरीवकाम मनातल्या मनात पुसून बघा, लय जागची हलत नाही.

म्हणून मी खण घेतो, नक्षी सोडतो. खिडक्या त्या मापात, शेजारच्या जोत्याच्या रेषेत माझं जोतं, त्याच्या पागोळीच्या उंचीला माझा सज्जा. विटा, काँक्रीट जे असेल ते उघड. मधला मोकळा चौकही दर वेळी मागतो. बहुतेकदा त्याचा पाइपांपुरता अरुंद डक्ट होतो.

शनिवारवाड्यालगत तर हा प्रश्नच उरत नाही. संरक्षित स्मारकांच्या कायद्यातल्या 2010च्या दुरुस्तीनंतर 100 मीटरच्या आत नवं बांधकाम बंद, त्यापुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी घेऊनच. तिथले वाडे टेकूंवर उभे आहेत.

मी खरा हरतो तो पार्किंगपाशी. वर कितीही खण मोजा, खाली नुसते खांब, अंधार आणि स्कूटर. जोतं गेलं, ओटा गेला, रस्त्याला तोंडच राहिलं नाही. मागे एका कामात हट्टानं रस्त्याकडचे दोन खण बंद ठेवले, तिथे जुनी पिठाची गिरणी परत आणली आणि पुढे दीड फुटी ओटा काढला. दळणाला आलेल्या बायका डबे घेऊन त्यावर बसतात. दोन गाड्यांची जागा गेली म्हणून सोसायटी माझ्याशी अजून धड बोलत नाही.