चार डिस्कपैकी दोन

कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. मी तेव्हा शहरातल्या सखल भागातल्या एका सरकारी कार्यालयात कंत्राटावर सिस्टमचं काम बघायचो. सर्व्हर तळमजल्यावर, आणि त्याच खोलीतल्या लोखंडी कपाटात बॅकअपची हार्ड डिस्क. एक प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवू द्या, असं मी दोनदा लेखी दिलं होतं. "आपला डेटा आपल्या डोळ्यांसमोर पाहिजे," असं साहेब म्हणाले. माणूस प्रामाणिक होता, पण डोळ्यांसमोर असलं की सुरक्षित असतं, ही त्यांची समजूत काही हलली नाही.

पाणी ओसरल्यावर आत गेलो. घोट्यापर्यंत गाळ, लाल रुमालांत बांधलेली दप्तरं फुगून फुटलेली. एक लिपिक सर्व्हर उघडून उन्हात ठेवायला निघाला होता. मी ओरडलोच. पुरात भिजलेली डिस्क कधीही वाळवायची नसते. आत गेलेला गाळ वाळला की तबकडीला घट्ट बसतो आणि वीज दिल्याबरोबर तबकडी वाचणारं हेड त्यावर घासून उरलंसुरलं खरवडून काढतं. सर्व्हरमधल्या चारही डिस्क ओल्याच काढल्या, प्रत्येकीवर स्लॉटचा नंबर लिहिला, हवाबंद पिशव्यांत घातल्या आणि रस्ता सुरू झाल्यावर पुण्याला पाठवल्या.

दोन वाचल्या. आमची जुळणी रेड-५ ची, म्हणजे डेटा चारही डिस्कवर वाटून ठेवलेला. त्यात चारपैकी एक डिस्क गेली तर चालतं, दोन गेल्या की राहिलेल्यांवर नुसते तुकडे उरतात. कपाटातली डिस्क तर उघडण्याच्याही लायकीची नव्हती.

त्याच आठवड्यात प्रयाग चिखलीच्या एक मावशी आल्या. घराची एक भिंत पडलेली, कागदांचा लगदा झालेला. त्यांचा सातबारा मी मोबाइलवर दोन मिनिटांत दाखवला, कारण ती नोंद आमच्या खोलीत नव्हतीच, ती राज्याच्या यंत्रणेत होती. मग त्या म्हणाल्या, "आणि माझा अनुदानाचा अर्ज रं बाळा? तुमच्याकडंच दिलाय की."

तो आमच्या सर्व्हरवर होता.

क्लाउड, म्हणजे दुसरीकडचे सर्व्हर इंटरनेटवरून भाड्यानं वापरणं, म्हटलं की लोक खर्च किती वाचतो ते विचारतात. मला मात्र त्या दोन नोंदी आठवतात. केंद्राचा 'मेघराज' हा सरकारी क्लाउड २०१४ पासून होता आणि राज्याचं क्लाउड धोरण २०१८ चं, म्हणजे वाट मोकळीच होती. अडलं ते लेखाशीर्षावर, म्हणजे खर्च कुठल्या खाती दाखवायचा ह्यावर. सर्व्हर विकत घेतला की वस्तू दिसते, तिच्यावर नंबर रंगवता येतो, जडसंग्रह नोंदवहीत ओळ पडते. महिन्याला वापरापुरतं भाडं द्यायचं म्हटलं की लेखा शाखा विचारते, "पण घेतलं काय?" ह्या एका प्रश्नावर आमची फाइल कितीतरी महिने फिरली.

शेवटी २०२० मध्ये डेटा हलवला. मूळ प्रत एका शहरात, दुसरी आपोआप दुसऱ्या शहरात, दोन्ही भारतातच. जुलै २०२१ मध्ये पंचगंगा पुन्हा ५६ फुटांवर गेली आणि कार्यालय पुन्हा पाण्यात गेलं. मी राजारामपुरीत बहिणीच्या घरी बसून लॅपटॉपवर मदतीच्या याद्या काढत होतो. वीज दोनदा गेली, मोबाइलचं नेटवर्क तासतासभर गायब व्हायचं. क्लाउड असला तरी तिथपर्यंत पोचायची वाट पुरात तुटतेच, आणि तिची सोय तेव्हाही कुणी नीट केलेली नव्हती. पण नेटवर्क आलं की काम जिथं थांबलं तिथून पुढं सुरू व्हायचं. एकही नोंद गेली नाही.

मावशींचा अर्ज मात्र २०१९ मध्ये नव्यानं भरावा लागला. आधीचा अर्ज आठ महिन्यांपूर्वीचा होता, हे त्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं. पुरावा कुठंच नव्हता. मंजुरी नव्या तारखेपासून धरली गेली. तो फॉर्म मी स्वतःच्या हातानं भरला आणि तारखेच्या रकान्यात त्या दिवशीची तारीख लिहिली.