फक्त क्रिकेटवर बोला

आमच्या क्रिकेटच्या व्हॉट्सॲप ग्रुपच्या माहितीत ॲडमिनने स्वच्छ लिहून ठेवलंय : ‘इथे फक्त क्रिकेटवर बोला. राजकारण नको, फॉरवर्ड नको, गुड मॉर्निंग नको.’ यातला गुड मॉर्निंगचा नियम सगळे इमानेइतबारे पाळतात.

मंडळी एकेक नग आहेत. बँकेतून निवृत्त झालेले दादरचे काका. यांना १९७१च्या दोन्ही मालिका चेंडूगणिक पाठ. एक सांगलीकर, स्मृती मानधना याच्या घरी दूध घेऊन जायला यायची अशा थाटात बोलतो. एक लातूरकर, महिन्यातून दोनदा बोलतो आणि बोलला की झोंबतं. एक न्यू जर्सीवाला; आपण उशीवर डोकं टेकलं की याला कंठ फुटतो. शिवाय दोन वकील, एकाच कोर्टात, दोन वेगळ्या पक्षांचे. ॲडमिन बिचारा दाताचा डॉक्टर आहे, त्यामुळे लोकांची तोंडं बंद करणं त्याला जन्मात जमलेलं नाही.

आमचा खरा शत्रू पाऊस. खेळ चालू असेपर्यंत सगळे कसे शिस्तीत असतात. फार तर एखाद्या पायचीतवरून खडाजंगी. पण मैदानावर कव्हर आलं रे आलं की संपलं. कुणीतरी भाबडेपणाने विचारतो, ‘वानखेडेवर जोर आहे का पावसाचा?’ काका लिहितात, ‘वानखेडेचं माहीत नाही, हिंदमाताला गुडघाभर आहे.’ ‘ते दरवर्षीचंच.’ ‘दरवर्षी नालेसफाईचे पैसे जातात कुठे मग?’ ‘कुणाच्या काळात किती गेले, सांगू का?’ झालं. पाच मेसेजांत आपण मैदानातलं पाणी शोषणाऱ्या सुपर सॉपरवरून महापालिकेच्या स्थायी समितीत. मग ‘हा मेसेज डिलीट करण्यात आला आहे’ अशा पाट्यांची रांग लागते. सगळ्यांनी तो आधीच वाचलेला असतो, आणि एकाने तर स्क्रीनशॉटही काढून ठेवलेला असतो.

अशा वेळी काकांचं एक ठरलेलं वाक्य येतं : ‘पूर्वी खेळात राजकारण नव्हतं.’

काका, अहो, तुम्ही ज्या स्टेडियमच्या पासासाठी दर वर्षी जिवाचा आटापिटा करता ना, ते उभंच मुळी भांडणातून राहिलंय. कसोटी सामने व्हायचे ब्रेबॉर्नवर, ते क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या मालकीचं. मुंबईच्या क्रिकेट असोसिएशनला किती खुर्च्या द्यायच्या यावरून वर्षानुवर्षं धुसफूस. एकीकडे क्लबचे विजय मर्चंट, दुसरीकडे असोसिएशनचे शेषराव वानखेडे. ते त्या वेळी विधानसभेचे अध्यक्ष. जागा देत नाही म्हणता? मग आम्ही आमचं बांधतो, म्हणून चर्चगेटपासून चालत जाण्याच्या अंतरावर नवं स्टेडियम उभं केलं आणि जानेवारी १९७५मध्ये तिथे वेस्ट इंडीजविरुद्ध कसोटी झालीसुद्धा. त्यात क्लाइव्ह लॉइडने नाबाद २४२ केल्या, त्याचं अभिनंदन करायला आत धावलेल्या पोराला पोलिसांनी हाणलं आणि स्टँड पेटले. म्हणजे खुर्च्यांवरून झालेल्या भांडणातून जन्मलेल्या स्टेडियमचं उद्घाटनच दंग्याने झालं, आणि नाव मिळालं विधानसभेच्या अध्यक्षाचं. आता तिथे बसून राजकारण नको म्हणायचं!

काकांचं एक दुखणं मात्र खरं आहे. ज्यांनी १९७१ साली वेस्ट इंडीज आणि इंग्लंडमध्ये जाऊन मालिका जिंकल्या ते अजित वाडेकर २००१मध्ये मुंबई क्रिकेट असोसिएशनच्या अध्यक्षपदाला उभे राहिले आणि शरद पवारांकडून पडले. दहा वर्षांनी वेंगसरकर उभे राहिले, त्यांना विलासरावांनी पाडलं. हा विषय निघाला की दोन्ही वकील जागे होतात. एक म्हणतो, संघटना चालवायला कव्हर ड्राइव्ह लागत नाही. दुसरा म्हणतो, मग पंचायत समितीतही एखादा ऑफस्पिनर घ्या. मे २०२५मध्ये वानखेडेच्या ग्रँड स्टँडला नवी नावं दिली : तिसऱ्या मजल्याला शरद पवारांचं आणि चौथ्याला अजित वाडेकरांचं. त्या दिवशी काकांनी ग्रुपवर एकच ओळ टाकली, ‘अखेर वाडेकर वर.’ ती पक्षीय टिप्पणी धरायची का क्रीडाविषयक, यावर ॲडमिनचा अजून निर्णय व्हायचाय.

आणि ‘पूर्वी’ म्हणजे किती पूर्वी? मुंबईच्या चौरंगी सामन्यांत संघच धर्मावर पडलेले होते : युरोपियन, पारशी, हिंदू, मुस्लिम. पुढे १९३७मध्ये ‘इतरेजन’ आले आणि चौरंगीची पंचरंगी झाली. त्याही आधी पुण्यात पळवणकर बाळू नावाचा दलित डावखुरा फिरकी गोलंदाज इंग्रजांच्या क्लबात खेळपट्टी झाडायचा, जाळी लावायचा आणि साहेबांना नेटमध्ये गोलंदाजी टाकायचा. हिंदूंच्या क्लबाने त्याला संघात घेतलं ते इंग्रजांना हरवायला. चेंडू त्याच्या हातचा चालायचा. चहा मात्र त्याला पॅव्हिलियनबाहेर, फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात याच बाळूंनी शंभरावर बळी घेतले. हिंदू संघाचं कर्णधारपद काही त्यांना मिळालं नाही; ते १९२३मध्ये त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं, तेही आधी भावांनी जाहीर निषेध करून संघ सोडल्यानंतर. १९३७च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसतर्फे उभे राहिले, कुणासमोर? डॉ. आंबेडकरांसमोर. आणि हरले. खेळ, जात, पक्ष आणि चहाचा कप, सगळं एकाच माणसाच्या आयुष्यात. मी हे सगळं ग्रुपवर लिहिलं तेव्हा काकांनी अंगठा दाखवला आणि खाली लिहिलं, ‘पण ॲव्हरेज काय होतं?’

या भांडणांत मला एक गोष्ट मात्र राहून राहून दिसते. क्रिकेटमध्ये आमची माणसं स्वतःच्या लोकांना जितक्या शिव्या घालतात तितक्या परक्यांना घालत नाहीत. मुंबईचा संघ रणजीत कितीही वेळा जिंको, काका प्रत्येक मोसमात ‘यांना बॅट धरता येत नाही’ म्हणूनच सुरुवात करणार. आवडत्या फलंदाजाने बाहेरच्या चेंडूला बॅट लावली की त्याच्या सात पिढ्या निघतात, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच शतकासाठी उपास. आपल्या माणसाला झोडपणं हा निष्ठेचाच भाग असतो, आणि ते सगळ्यांना मान्य असतं. कुणी कुणाला ‘मग पाकिस्तानच्या संघाला पाठिंबा दे’ असं म्हणत नाही. (एकदा एकाने म्हटलं होतं. त्याला महिनाभर कुणी उत्तर दिलं नाही.)

पण हीच माणसं पक्षावर आली की पालटतात. ज्या वकिलाला कर्णधाराने तिसरी स्लिप का काढली याचा जाब हवा असतो, त्याला आपल्या नेत्याने तिसऱ्यांदा पक्ष का बदलला हे विचारलं की तो म्हणतो, ‘त्यामागे काहीतरी विचार असेल.’ असेल ना! तिसऱ्या स्लिपमागेही असेल. दुसरा वकील याबाबतीत त्याच्याहून काडीभर कमी नाही. फक्त त्याचा नेता वेगळा आहे. दोघांनीही गेल्या कित्येक वर्षांत आपापल्या पक्षाचा एकही झेल सुटलेला पाहिलेला नाही.

अपवाद एकदाच पाहिला, एप्रिल २०१६मध्ये. मराठवाड्यात दुष्काळ, आणि राज्यात आयपीएल. खेळपट्ट्यांना पाणी किती लागतं यावर उच्च न्यायालयात सुनावणी चालू होती. नियमाप्रमाणे हा विषय क्रिकेटचा. त्यामुळे ॲडमिनला तोंड उघडायला जागाच नव्हती. मुंबईकर पेटून उठले : लोक तहानलेले असताना गवताला पाणी म्हणजे पाप आहे, सामने हलवा. एक वकील म्हणाला, आधी ऊस मोजा, मग गवत मोजा. दुसरा म्हणाला, उसाचे कारखाने कुणाचे ते सांगू का? सांगलीकराला उसाबद्दल बोललेलं खपत नाही, तो वेगळाच चिडला.

लातूरकर दोन दिवस गप्प होता. मग त्याने एक फोटो टाकला. त्याच्या दारातलं निळं पिंप, झाकणावरून आडवी साखळी, साखळीला कुलूप. सायकलचं असतं तसलं. फोटोखाली काही लिहिलेलं नव्हतं. शहरात पाणी भरायच्या जागी भांडणं होतात म्हणून तेव्हा जमावबंदी लावली होती. मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांतून पाणी निघालं. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. सांगलीकराने लिहिलं, ‘आमच्या कृष्णेचं पाणी येतंय रे तुला, जपून पी,’ आणि त्याला स्वतःलाच कसंसं झालं असावं, कारण पाठोपाठ त्याचा फोन गेला म्हणे लातूरला.

१३ एप्रिलला निकाल आला : ३० तारखेनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर. अंतिम सामना मुंबईत व्हायचा तो बेंगळुरूला गेला. ग्रुपवर विजयोत्सव सुरू झाला, तेवढ्यात लातूरकराने त्या महिन्यातला दुसरा मेसेज टाकला. ‘वानखेडेचं पाणी वाचलं ते माझ्या नळाला येणार आहे का? दिवसभर टँकरची वाट बघायची, रात्री मॅच बघायची, एवढाच विरंगुळा होता. अर्थात टीव्हीवर दिसेलच म्हणा बेंगळुरूहून.’

त्यावर सामने हलवा म्हणणाऱ्यांना काय बोलावं कळेना आणि हलवू नका म्हणणाऱ्यांनाही आपण जिंकलो असं म्हणता येईना. ऊसवाल्या वकिलाने तर लिहून टाकलं, ‘आमच्या लोकांनीही मराठवाड्याचं पाणी नीट सांभाळलं नाही हे खरंय.’ आमच्या लोकांनी! या ग्रुपच्या इतिहासात स्वतःच्या पक्षाला एवढं बोललेला दुसरा मेसेज नाही. दुसऱ्या वकिलाने त्याचा फायदा घेतला नाही, तोही कौतुकाचा भाग. दोन दिवसांनी पुन्हा सगळे पूर्ववत.

सप्टेंबर २०२५मध्ये आशिया चषकात आपल्या संघाने पाकिस्तानशी हस्तांदोलन केलं नाही आणि पुढे जिंकलेला करंडकही आशियाई क्रिकेट परिषदेचे अध्यक्ष आणि पाकिस्तानचे मंत्री मोहसीन नक्वी यांच्या हातून घेतला नाही, तेव्हाचं भांडण मी इथे लिहीत नाही. ते तुमच्याही ग्रुपवर झालं असेल आणि तंतोतंत तसंच झालं असेल. आमचे दोघं ग्रुप सोडून गेले एवढं सांगतो. ते परत आले नोव्हेंबरच्या दोन तारखेला, कुणीही न बोलावता, ‘ॲड कर रे’ असा ॲडमिनला मेसेज करून. महिलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना, तोही नवी मुंबईत, आणि तो एकट्याने काय बघायचा?

त्या दिवशी पुन्हा पाऊस. नाणेफेक लांबली. डी. वाय. पाटील स्टेडियमवरची कव्हरं टीव्हीवर दिसायला लागली तशी माझ्या पोटात खड्डा पडला. तरी पहिला अर्धा तास छान गेला. सांगलीकराने स्मृतीच्या लहानपणाचे जे किस्से सांगितले त्यातले निम्मे तरी त्याने तिथल्या तिथे रचले असावेत. मग न्यू जर्सीवाल्याने विचारलं, ‘नवीन विमानतळ इथून किती लांब? त्याला ह्यांचंच नाव द्यायचं चाललंय ना, पाटलांचं?’

आता, विमानतळाला नाव हवंय ते दि. बा. पाटलांचं, प्रकल्पग्रस्तांसाठी आयुष्यभर लढलेल्या शेतकरी कामगार पक्षाच्या नेत्याचं. स्टेडियम ते डी. वाय. पाटलांचं, शिक्षणसंस्था काढणाऱ्या आणि पुढे राज्यपाल झालेल्या काँग्रेसच्या नेत्याचं. ग्रुपवर पनवेलचा एक जण आहे. एरवी तो नुसते धावफलक टाकतो. त्याने त्या दिवशी पहिल्यांदा पूर्ण वाक्यं लिहिली. नवी मुंबई वसवणारी सिडको, साडेबारा टक्के भूखंड, १९८४चं जासईचं आंदोलन, त्यात गेलेले पाच जीव, त्याच्या आजोबांची भातशेती जिथे होती तिथे आता काय आहे ते. वकिलांनी भूसंपादनाचा कायदा काढला. काकांनी विचारलं, सहार विमानतळाच्या नावावरून एवढं झालं होतं का? ॲडमिन ‘मित्रांनो क्रिकेट’ एवढंच पुनःपुन्हा लिहीत होता. इतक्यात कुणीतरी ओरडला, टॉस! दक्षिण आफ्रिकेने जिंकला, आपली फलंदाजी.

मग शफालीच्या ८७, दीप्तीचं अर्धशतक, आपल्या २९८. दक्षिण आफ्रिकेच्या वुलफार्टचं शतक होईपर्यंत सगळ्यांनी आपल्याच संघाला येतील तेवढ्या शिव्या दिल्या, आणि अमनजोतने तिचा झेल तीनदा उडवून एकदाचा धरला तेव्हा दोन्ही वकिलांनी एकाच सेकंदाला एकच अपशब्द टाइप केला. ॲडमिनने तो खपवून घेतला. दीप्तीचे पाच बळी, ५२ धावांनी विजय, मध्यरात्र उलटून गेलेली. काकांनी रडका चेहरा टाकला, मग हसरा, मग पुन्हा रडका. सोडून गेलेल्या दोघांनी एकमेकांना, नाव घेऊन, अभिनंदन केलं. मी फोन उशाशी ठेवून दिवा मालवणार तेवढ्यात पुन्हा थरथरला. न्यू जर्सीवाला.

‘ते साडेबारा टक्क्यांचं नीट कळलं नाही. म्हणजे जमीन गेली शंभर टक्के आणि परत मिळाली साडेबारा?’

पनवेलकर टाइप करत होता.